मोफत पॅटर्न आणि साइजचा घोळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर मोफत पॅटर्न, म्हणजे कपडा कापायचे कागदी साचे, ढिगाने मिळतात. एखादा आवडतो, कापडही आणून ठेवलेलं असतं, आणि मग पहिल्या पानावरचा मापांचा तक्ता बघून हात थांबतो. घरी शिवणाचे वर्ग घेताना हे प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की एकदा लिहूनच काढावेत म्हटलं. बहुतेक प्रश्न कुर्ती, टॉप आणि ड्रेसचे आहेत. पँट आणि मुलांचे कपडे शेवटाकडे आहेत.

दुकानात मी ‘एल’ घेते. पॅटर्नचाही ‘एल’ छापू का?

नको. दुकानातल्या लेबलाचा आणि पॅटर्नवरच्या आकड्याचा काही संबंध नसतो. आपल्याकडे कुर्तीवर ३८, ४० असे आकडे असतात ते छातीचे इंच. पण कुणी ते अंगाचं माप धरतं, तर कुणी शिवलेल्या कपड्याचं. परदेशी पॅटर्नमध्ये तर आकडा म्हणजे नुसतं नाव. सिम्प्लिसिटी, मॅक्कॉल्स, बटरिक, व्होग या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या तक्त्यात १६ नंबर म्हणजे छाती ३८ इंच, कंबर ३०, सीट ४०. जर्मन बुर्डामध्ये त्याच छातीची बाई ४२ नंबरला येते. आणि तीच बाई अमेरिकेतल्या दुकानात गेली तर तिला १६ पेक्षा बराच लहान आकडा हातात देतील. म्हणून कुठलाही पॅटर्न उघडला की त्याच्याच तक्त्याशी आपली मापं ताडून बघायची. मागच्या पॅटर्नला कोणता नंबर बसला होता, हेही विसरायचं.

मग हे १६, ४२ आकडे आले तरी कुठून?

वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकी शिंप्याने, १८६३ मध्ये. बायकांच्या मापांची मोठी मोजणी त्यानंतर बऱ्याच काळाने झाली. १९३९-४० मध्ये अमेरिकी सरकारने जवळजवळ १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. शेवटच्या हिशेबात मात्र फक्त गोऱ्या बायका धरल्या. त्यावरून १९५८ मध्ये साइजचं प्रमाण ठरलं, आणि १९८३ मध्ये ते काढूनही घेतलं. दरम्यान तयार कपडेवाल्यांनी गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून आकडे हळूहळू खाली ओढले. पॅटर्नवाले बरेचसे जुन्याच आकड्यांवर राहिले. दुकानात १० आणि पॅटर्नमध्ये १६, ही फट पडली ती अशी.

जर्मन आकड्यांना निदान हिशेब आहे. नंबरात ६ मिळवा आणि दुप्पट करा, छातीचे सेंटिमीटर मिळतात. ४४ अधिक ६ म्हणजे ५०, दुप्पट १००. भारतीय अंगांसाठी निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइज’ या नावाने थ्रीडी स्कॅनर लावून मोजणीचा प्रकल्प हाती घेतला. पण तुम्ही डाउनलोड करता ते पॅटर्न बहुतेक युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या अंगांवर बेतलेले असतात, एवढं मनात ठेवा.

मापं कोणती घ्यायची, आणि कशी?

टेप दुसऱ्याच्या हातात द्या. स्वतःचं माप स्वतः घेताना हात वर जातो, छाती त्याच्यासोबत वर जाते आणि टेप पाठीवरून घसरते. पंजाबी ड्रेसवरून घेतलेलं माप इंचभर तरी फसवतं, म्हणून अंगावर पातळ कपडा ठेवा, आणि त्याच्या आत जी ब्रा नेहमी घालणार तीच घाला.

पहिलं माप वरच्या छातीचं. टेप काखेतून, स्तनांच्या वरून, मागे पाठीवर सरळ. आपल्याकडचे टेलर हे घेतात, पण घरी शिवणाऱ्या बऱ्याच जणी सोडून देतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. दुसरं पूर्ण छातीचं, सगळ्यात भरलेल्या जागेवरून, टेप जमिनीला समांतर. तिसरं कंबर. पोटाभोवती नाडी बांधा, दोन-तीनदा डावीउजवीकडे वाका, नाडी जिथे जाऊन बसेल ती कंबर. परकर बांधतो ती जागा नव्हे, ती बहुतेकींची दोन-तीन इंच खाली असते. चौथं सीट, पाय जुळवून, सगळ्यात रुंद जागी. नाडी सोडायच्या आधी मानेच्या मागच्या उंच मणक्यापासून तिच्यापर्यंत पाठीची उंची घेऊन ठेवा. बाहीचा कपडा असेल तर दंडाचा घेरही.

मापं सेंटिमीटरमध्ये लिहा. आपला हात इंचांना सरावलेला असतो हे खरं, पण पाऊण आणि सव्वाच्या बेरजा चुकतात. शेजारी तारीखही टाका. बाळंतपणानंतर किंवा पन्नाशीत, दोन वर्षांपूर्वीचं माप जपून ठेवण्यात काही अर्थ नसतो.

तक्त्यातल्या छातीप्रमाणे साइज घेतली, तरी गळा पसरतो आणि खांदे घसरतात. असं का?

कारण छाती मोठी म्हणजे हाडं मोठी, असं पॅटर्न धरून चालतो. तुम्ही दोन नंबर वर गेलात की खांदा, गळा, मुंढा (बाही जोडतो ती गोलाई), पाठ सगळंच वाढतं. तुमची छाती मात्र फक्त पुढून भरलेली असते.

मीही हे चुकून शिकले आहे. एका मोफत ड्रेसच्या तक्त्यात माझ्या छातीसमोर जो नंबर दिसला तो सरळ कापला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तोच घातला आणि संध्याकाळभर एका हाताने वाण देत होते, दुसऱ्या हाताने खांदा धरून होते. छातीवर तो अगदी बरोबर बसला होता. बाकी सगळीकडे मोठ्या बहिणीचा मागून आणल्यासारखा.

उपाय असा. वर सांगितलेल्या अमेरिकी कंपन्यांचे नेहमीचे पॅटर्न ‘बी’ कपवर काढलेले असतात, म्हणजे पूर्ण छाती वरच्या छातीपेक्षा २ इंच जास्त धरलेली असते. मोफत पॅटर्नमध्येही हा कप पुष्कळदा दिसतो. तुमच्या दोन मापांत २ इंचांच्या आसपास फरक असेल तर छातीप्रमाणेच साइज घ्या. फरक ३, ४ किंवा ५ इंच असेल तर वरच्या छातीत २ मिळवून येणारा आकडा तक्त्यात शोधा.

एक उदाहरण घेऊ. वरची छाती ३६, पूर्ण छाती ४०. तक्ता म्हणतो ४० म्हणजे १८ नंबर. पण ३६ अधिक २ म्हणजे ३८, आणि ३८ म्हणजे १६. खांदा, गळा, मुंढा १६ चा कापायचा आणि छातीला कमी पडणारे २ इंच फक्त पुढच्या भागात घालायचे. सगळ्या प्रश्नोत्तरांमधलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: साइज खांद्यासाठी निवडायची. कंबर, सीट, छाती नंतर वाढवता येते. खांद्याचा आणि गळ्याचा बिघडलेला कपडा मात्र उसवून सुधारत नाही.

काही पॅटर्नमध्ये ‘बी’, ‘सी’, ‘डी’ असे कप वेगळे दिलेले असतात. मिळाले तर देवच पावला म्हणायचं.

पुढच्या भागात जागा वाढवायची कशी?

पुढच्या भागाचा कागद अंगावर लावून छातीच्या टोकाची खूण करा. तिथून तीन चिरा: एक खाली कंबरेकडे उभी, एक वर मुंढ्याच्या मधोमध, आणि एक बाजूच्या टक्समधून (फिटिंगसाठी घातलेल्या निमुळत्या चुणीतून) आडवी. मुंढ्याच्या कडेला कागद पुरता कापू नका, बिजागरीसारखा धरून ठेवा. आता कागद उघडा. हा अर्धाच पुढचा भाग आहे, म्हणून एकूण २ इंच हवे असतील तर इथे १ इंच उघडायचा. टक्स आपोआप रुंद होतो आणि पुढची उंची थोडी वाढते. तीही हवीच असते, नाहीतर भरल्या अंगाला कुर्ती पुढून वर उचलली जाते. मधल्या बाजूचा कागदही तेवढाच खाली सरकवा म्हणजे खालची कड एका रेषेत येईल.

पहिल्यांदा अर्धा तास जातो, आणि कागद फाटतो. मूळ पॅटर्न जपा आणि खाकी कागदावर उतरवून घेतलेल्या प्रतीवर हे करा.

माझी छाती एका साइजमध्ये, कंबर दुसऱ्या आणि सीट तिसऱ्या. मी काय करू?

जे जवळजवळ सगळ्या जणी करतात तेच. वरच्याच बाईची कंबर ३४ आणि सीट ४२ आहे असं धरा. तक्त्यात कंबर ३४ म्हणजे २० नंबर, सीट ४२ म्हणजे १८. खांद्यापासून मुंढ्यापर्यंत १६, तिथून कंबरेपर्यंत तिरकं २० वर, आणि कंबरेपासून सीटपर्यंत १८ वर यायचं. एकाच कागदावर सगळ्या साइजच्या रेषा असतात त्याचा हा फायदा. एका रेषेवरून दुसरीवर जाताना कोपरा होऊ देऊ नका, फ्रेंच कर्व्हने (गोलाई आखायच्या पट्टीने) सावकाश उतरा. मागच्या आणि पुढच्या भागाला सारखंच करा, आणि दोन्ही बाजूशिवणी टेपने मोजून सारख्या लांबीच्या आहेत ना ते बघा.

सरळ, ढगळ कुर्ती असेल तर एवढा खटाटोप लागतोच असं नाही. तिथे सीट बसते का आणि चिरा पोटावर उघडतात का, एवढं बघितलं तरी पुरतं.

तक्त्यात अंगाचं माप वेगळं आणि तयार कपड्याचं वेगळं दिलंय. कोणतं बघू?

दोन्ही. साइज निवडायची अंगाच्या मापावरून, आणि ती आपल्याला आवडेल का हे ठरवायचं तयार मापावरून. दोहोंतला फरक म्हणजे लूज. अमेरिकी पॅटर्नमध्ये छातीला ३ इंचांच्या आत लूज असेल तर कपडा अंगाबरोबर, ३ ते ४ फिटिंगचा, ४ ते ५ जरा मोकळा, ५ ते ८ सैल आणि त्याच्या वर फारच सैल, असं साधारण धरतात.

आता आपली सवय आठवा. टेलरकडची पंजाबी कुर्ती आपण दोन-तीन इंच लूजची घालतो. त्या सवयीच्या अंगावर ६ इंच लूजचा ऑस्ट्रेलियन ड्रेस चढवला की वाटतं साइज चुकली. साइज बरोबरच असते, त्या मंडळींना तो तसाच हवा असतो. फोटोतल्या बाईच्या अंगावर कापड कुठे टेकतंय ते नीट बघा. तरी कमीच लूज हवा असेल तर एक साइज खाली जा, पण खांद्याचं माप आधी तपासून.

तयार मापं दिलेलीच नाहीत. आता?

मोफत पॅटर्नमध्ये हे नेहमीचंच. कागद मोजा. पुढचा भाग घ्या, मुंढ्याच्या तळापासून इंचभर खाली, मधल्या घडीपासून बाजूच्या शिवणीच्या रेषेपर्यंत टेप लावा. माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) धरायची नाही, टक्सची रुंदी वजा करायची. मागच्या भागाचंही तसंच. दोन्हींची बेरीज दुप्पट केली की तयार छाती. कंबर आणि सीट त्याच पद्धतीने.

आता कपाटातली सगळ्यात आवडती कुर्ती काढा, सपाट अंथरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. कुर्ती १०४ सेंमी आली आणि कागद ११४ म्हणत असेल, तर काय होणार ते कापड फाडायच्या आधीच कळलं. खांद्याची रुंदी, मुंढ्याची खोली आणि दंडाचा घेर हेही त्याच कुर्तीवर ताडून बघा. माझा कुठल्याही तक्त्यापेक्षा या कुर्तीवर जास्त विश्वास आहे. मात्र कापड सारख्या जातीचं हवं. होजियरीचा टी-शर्ट अंथरून पॉपलिनच्या शर्टाचा अंदाज बांधू नका.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणली. सगळं केलं तरी कपडा घट्ट झाला.

पॅटर्नच्या पहिल्या पानावरचा चौकोन मोजलात का? ५ किंवा १० सेंमीचा असतो, कधी २ इंचांचा. तो मोजून बरोबर आल्याशिवाय पुढची पानं काढूच नयेत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘फिट’ हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के करायला सांगा. १० सेंमीचा चौकोन ९.७ आला तर वाटतं, तीन मिलिमीटरने काय होतंय. पण १०८ सेंमीची तयार छाती १०४.८ होते. म्हणजे सव्वातीन सेंटिमीटर गेले, आणि लूज बघता बघता अर्ध्यावर आला.

कागदाचाही फरक असतो. अमेरिकेत ‘लेटर’ कागद वापरतात, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए-फोर २१० बाय २९७. न्यू जर्सीतल्या भाचीने ए-फोरची फाइल लेटरवर काढली तर प्रत्येक पानाचे खालचे १८ मिमी बाहेर जातात. दोन्ही फाइली दिलेल्या असतील तर ज्या देशात प्रिंट काढणार तिथली घ्या.

पानं चिकटवताना घाई नको. एका जोडाला २ मिमी चुकलं तर पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या मिळून ८ मिमी होतात. चिकटवण्याचा कंटाळा असेल तर आर्किटेक्टचे नकाशे काढून देणाऱ्या दुकानात ए-झीरोची फाइल द्या. एका ए-झीरोत १६ ए-फोर मावतात. तिथेही चौकोन मोजूनच पैसे द्या.

रेषांचं जाळं दिसतंय. माझी रेषा कोणती?

पीडीएफमध्ये साइजचे थर असतील तर कॉम्प्युटरवर नको ते बंद करता येतात. मोबाइलवर सहसा येत नाहीत. नसतील तर आपल्या रेषेवर आधी स्केचपेन फिरवा, मगच कात्री.

माया धरलेली असते का?

कधी असते, कधी नसते, आणि हे न वाचता कापलं तर पूर्ण एका साइजची चूक होते. अमेरिकी कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये बहुधा १.५ सेंमी माया आत असते. बुर्डा मासिकातल्या पॅटर्नमध्ये ती नसते, स्वतः सोडावी लागते. माया नसलेला पॅटर्न रेषेवर कापून १.५ सेंमीवर शिवला, तर दोन बाजूशिवणींच्या चार कडा मिळून ६ सेंमी जातात.

आपल्याकडे बाजूला इंच-दीड इंच दाबून ठेवायची पद्धत आहे, पुढे उसवायला. ती परदेशी पॅटर्नमध्ये कुणी सांगत नाही. मी तरी बाजूशिवणीला ठेवतेच. फक्त मुंढ्याला आणि गळ्याला जास्त माया ठेवू नका, गोलाईत ती ताणते.

मी पाच फूट एक इंच. खालून लांबी कमी केली की झालं ना?

नाही झालं. हे पॅटर्न १६८ सेंमीच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपासच्या बाईसाठी काढलेले असतात. तुम्ही १५५ आहात. मधले १३ सेंमी फक्त पायात नसतात. मान ते छाती, छाती ते कंबर, कंबर ते गुडघा, सगळीकडे थोडे थोडे असतात. नुसती खालची पट्टी दुमडली तर टक्स छातीच्या खाली येतो आणि कंबर सीटवर बसते.

पाठीची उंची इथे कामाला येते. पॅटर्नची पाठ ४१.५ सेंमी आणि तुमची ३८ असेल तर कंबरेच्या वर साडेतीन सेंमी काढायचे. त्यातला एक-सव्वा सेंमी मुंढ्याच्या मधोमध आडवी घडी घालून काढा, आणि बाहीच्या डोक्यातूनही तेवढाच काढा, नाहीतर बाही मुंढ्यात बसणार नाही. उरलेला छाती आणि कंबरेच्या मधे. बाकीची लांबी खाली. कागदावर ‘इथे लांबी कमी-जास्त करा’ अशी दुहेरी रेषा असते, ती यासाठीच. मुंढ्यातली घडी मात्र फार थोडे पॅटर्न दाखवतात.

टी-शर्टच्या पॅटर्नमध्ये तयार माप अंगापेक्षा कमी आहे. छापण्यात चूक झाली का?

चूक नाही. ताणणाऱ्या कापडात तसंच असतं. कापडाची १० सेंमी आडवी पट्टी धरून ताणा. सहज १३ पर्यंत गेली तर ते ३० टक्के ताणतं. पॅटर्नने जेवढा ताण मागितलाय त्याहून कमी ताणणारं कापड घेतलं तर साइज बरोबर असूनही डोकंच आत जाणार नाही.

कापड आधी धुवायचं का?

हो. सुती कापड सहज ३ ते ५ टक्के आटतं, हातमाग आणि खादी कधी त्याहून जास्त. अडीच मीटरला चार टक्के म्हणजे १० सेंमी. विकत घेतानाच तेवढं जास्त घ्या. पन्हाही बघा. परदेशी पॅटर्नचा कापडाचा अंदाज बहुधा १४० किंवा १५० सेंमी पन्ह्यावर असतो. आपली सुती कापडं पुष्कळदा ३६ किंवा ४४ इंच पन्ह्याची. मोठ्या साइजला पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी मावतच नाहीत.

मांजरपाटाचा कच्चा कपडा दर वेळी शिवायलाच हवा का?

दर वेळी नको. नवा पॅटर्न, महाग कापड किंवा अंगाबरोबरचा कपडा, यातलं एखादं असेल तर शिवा. गळपट्टी, चेन काही नको. फक्त पुढचा भाग, मागचा भाग आणि एक बाही, मशीनवर मोठा टाका किंवा धावदोरा. जुनी सुती चादर किंवा साडीही चालते, ताणलेली विटलेली नसली म्हणजे झालं. अंगावर चढवून आरशासमोर उभं राहू नका, बसा. हात पुढे करून स्कूटर चालवल्यासारखं करा. पाठीत ओढलं तर पाठ अरुंद आहे. छातीकडे तिरक्या सुरकुत्या धावत असतील तर पुढे जागा कमी आहे. मानेच्या खाली मागे आडवी वळी पडत असेल तर पाठीची उंची जास्त आहे. पेनने कापडावरच लिहा आणि तेवढं कागदावर दुरुस्त करा.

मऊ, झुळझुळीत कापडासाठी मांजरपाट फसवा आहे, तो कडक पडतो. तिथे पातळ मलमल घ्या.

दोन साइजच्या मधे माप येतं.

ढगळ कपडा असेल तर खालची, अंगाबरोबरचा असेल तर वरची. न ताणणारं कापड असेल तर वरची.

पँट आणि पलाझोला कोणतं माप धरायचं?

सीट. कंबर टक्स, चुण्या, इलॅस्टिक कशानेही आवळता येते. खरी अडचण आसनाची, म्हणजे कंबरेपासून बैठकीपर्यंतच्या उंचीची. कडक स्टुलावर ताठ बसा, कंबरेच्या नाडीपासून बाजूने स्टुलापर्यंत मोजा, त्यात १-२ सेंमी सैल मिळवा. कागदावर कमरेच्या शिवणीपासून आसनाच्या आडव्या रेषेपर्यंत तेवढंच यायला हवं. कमी असेल तर बसताना काचतं आणि मागून पँट खाली सरकते, आणि बाजूला कितीही उसवलं तरी ते सुटत नाही. पॅटर्नची कंबर बेंबीवर आहे की खाली, हेही वाचा. मापाची नाडी तिथेच बांधायची.

नातीला फ्रॉक शिवायचाय. ती सहा वर्षांची आहे. ६ नंबर घेऊ?

वय विसरा. युरोपी पॅटर्नमध्ये मुलांची साइज म्हणजे उंचीचे सेंटिमीटर: १०४, ११०, ११६, १२२, सहा-सहाने वाढत जाते. रुंदी नातीच्या छातीवरून घ्या, लांबी उंचीवरून. बारीक मुलीला रुंदी ११० ची आणि लांबी ११६ ची, असं होतं. आजीचा हात नेहमी वाढत्या अंगाचं कापायला जातो. वाढवायचं तर खाली मोठी दुमड ठेवा किंवा घेरात दोन आडवे प्लेट घाला, पुढच्या दिवाळीला उसवता येतील. खांदा मोठा कापू नका. खांदा उतरलेला फ्रॉक मूल घालत नाही, आणि पुढच्या वर्षी तो बसायला लागेल तेव्हा तिला तो आवडत नसतो.

साडीचा ब्लाउज या पॅटर्नवरून जमेल?

परदेशी टॉपच्या पॅटर्नवरून नाही. ब्लाउजचा लूज जेमतेम इंचभर असतो, मुंढा वर असतो आणि टक्सची जागा सगळी वेगळी. ब्लाउजसाठी आपल्या वर्गात शिकवतात ते छातीच्या चौथ्या भागाचं पेपर कटिंगच बरं.

माझी मापं टाकली की पॅटर्न काढून देणारं काही मोफत आहे का?

फ्रीसूइंग हे मुक्त स्रोताचं साधन आहे. मापं भरली की त्या अंगाचा पॅटर्न तयार होतो, साइज निवडायचा प्रश्नच उरत नाही. सीमली-टू-डी हेही आहे, पण त्यात आखणी स्वतः करावी लागते, त्यामुळे ड्राफ्टिंग येणाऱ्यांना ते बरं. मात्र मापं पुष्कळ मागतात आणि एक चुकलं तर पॅटर्न निमूट तेवढाच चुकतो. तिथे मांजरपाट सोडू नका.

मोफत पॅटर्नचाच दोष आहे, की माझा, हे कसं ओळखायचं?

पुढच्या आणि मागच्या भागाच्या बाजूशिवणी मोजा, टक्स मिटवून. खांद्याच्या शिवणीही. फरक अर्ध्या सेंमीहून जास्त आणि त्याचं कारण सूचनेत दिलेलं नसेल, तर दोष पॅटर्नचा. मग मुंढ्याची गोलाई आणि बाहीच्या डोक्याची गोलाई टेप उभी धरून मोजा. न ताणणाऱ्या कापडात, साध्या बसवलेल्या बाहीचं डोकं मुंढ्याहून २ ते ४ सेंमी जास्त असतं. कमी असेल तर तो पॅटर्न मी तरी सोडून देते.

शिवून झाला, आणि घट्ट झाला. आता?

बाजूची माया किती आहे बघा. दोन्हीकडून एकेक सेंमी सोडला की चार कडांचे ४ सेंमी मिळतात. तेवढ्याने भागत नसेल तर काखेपासून खालपर्यंत त्याच कापडाची किंवा शोभेल अशा दुसऱ्या कापडाची लांब पट्टी घाला. पुरुषांच्या जुन्या कुर्त्यांना कळ्या असतात तशी. फक्त मुंढा काचत असेल तर बगलेत चौकोनी तुकडा, उरेब (तिरपं) धरून. काठाची किंवा उठावाच्या रंगाची पट्टी घातली तर लोक विचारतात, कुठून घेतलीस. आणि वाढवलेले सेंमी उसवण्याआधी पॅटर्नच्या कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.